निरंक

आमच्या महाविद्यालयात ‘निरंक’ हा शब्द सर्वांत सुंदर लिहिणारा माणूस म्हणजे मुख्य लिपिक भाऊसाहेब. ‘नि’ची वेलांटी ते अशी दिमाखात घेत की पुढे काहीतरी घसघशीत येणार असं वाटावं, आणि पुढे यायचा तो ‘रंक’च. परदेशी विद्यार्थी : निरंक. पेटंट : निरंक. प्राध्यापकांना मिळालेले आंतरराष्ट्रीय पुरस्कार : निरंक. निळ्या-काळ्या शाईत एकाखाली एक उतरलेले ते निरंक पाहिले की गावजेवणाची पंगत आठवायची. माणसं मांडी घालून बसली आहेत, पत्रावळी मांडून झाल्या आहेत आणि वाढपी मात्र अजून दिसत नाही. शेवटच्या ‘क’ला ते एक हलकं वळण द्यायचे, निघालेला पाहुणा उंबऱ्यात थांबून मागे बघतो तसं. आपल्याकडे काहीही नाही हे इतक्या अदबीनं सांगणारा दुसरा शब्द मराठीत नसावा. ‘नाही’ म्हटलं की उणेपणा येतो, ‘शून्य’ म्हटलं की नापास झाल्यासारखं होतं. निरंक म्हणजे खिसा रिकामा, पण इस्त्री कडक.

मी मराठी शिकवतो, त्यामुळे शब्द दिसला की तो उसवून बघायची खोड आहे. ‘निर्’ अधिक ‘अंक’, इथपर्यंत ठीक. पण अंक म्हणजे काय, याच्या मागे लागलं की दुपार जाते. अंक म्हणजे आकडा, हे झालं कार्यालयापुरतं. नाटकाला अंक असतात, दिवाळीला एक असतो. अंक म्हणजे खूण किंवा डागही. चंद्राच्या अंगावर ससा दिसला त्यांनी त्याला शशांक म्हटलं, हरीण दिसलं त्यांनी मृगांक. आणि अंक म्हणजे मांडी. उत्तानपाद राजाच्या अंकावर बसायला गेलेल्या ध्रुवबाळाला सावत्र आईनं खाली उतरवलं, तेव्हा तो आपल्या परंपरेतला पहिला निरंक म्हणायला हरकत नाही. त्याला पुढे अढळपद मिळालं, म्हणजे मान्यताप्राप्त आणि कायमस्वरूपी. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलं ही कथा फार आस्थेनं ऐकतात.

तर या शब्दावर गदा आणली ती एका परिपत्रकानं. विद्यापीठाच्या माहिती संकलन प्रणालीत आवश्यक त्या सुधारणा करण्यात आल्या असून सर्व संलग्न महाविद्यालयांनी आपली माहिती सुधारित नमुन्यात तात्काळ भरावी, अशा आशयाचं ते होतं. त्यातलं ‘तात्काळ’ मी लाल पेनानं ‘तत्काळ’ केलं आणि माझं काम संपलं असं समजून वर्गावर गेलो. परत आलो तेव्हा मी नोडल ऑफिसर झालेलो होतो. “सर, तुमच्याकडे तसंही प्रॅक्टिकल नसतं,” प्राचार्य म्हणाले. मराठीच्या माणसाला काम नसतं, ही समजूत आपल्याकडे मान्सूनइतकीच सार्वत्रिक आहे आणि त्याच्याइतकीच नियमानं दर वर्षी येते. विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळा असते, भूगोलाला नकाशे असतात, कॉमर्सला ऑडिट असतं. आम्हाला फक्त शब्द. आणि शब्दांना हजेरी लागत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी, भाऊसाहेब आणि त्यांच्या टेबलावरचा संगणक असे तिघं बसलो. हा संगणक भाऊसाहेबांनी कधीच पूर्ण स्वीकारला नव्हता. दुपारी चारनंतर ते त्याच्यावर कापड टाकत, पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकावं तसं. शिपाईमामांनी चहा आणून ठेवला. पहिला रकाना होता परदेशी विद्यार्थ्यांचा. भाऊसाहेबांनी सांगितलं, मी टंकलं : निरंक. पडद्यावर तांबडी ओळ उमटली.

“काय म्हणतंय?”

“फक्त अंक भरा म्हणतंय.”

“मग आपण तेच सांगतोय की. अंक नाही.”

“ते त्याला अंकात सांगायचं.”

भाऊसाहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बराच वेळ त्या तांबड्या ओळीकडे पाहत राहिले. साठ पावसाळे जवळ आलेल्या माणसाच्या तोंडातून त्याचा आवडता शब्द काढून घेतला की त्याचा चेहरा जसा होईल तसा तो झाला होता. “शून्य टाका मग,” ते म्हणाले. “पण सर, शून्य आणि निरंक एक नव्हे.”

हा मुद्दा मी तेव्हा गमतीवारी नेला. पण पुढल्या आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की नसण्याचेही प्रकार असतात आणि या प्रणालीला त्यातले तीन ठाऊक होते : शून्य, कोरं आणि लागू नाही. आता आमचं वसतिगृह घ्या. आम्हाला वसतिगृह नाही. तेव्हा वसतिगृहातील विद्यार्थीसंख्या या रकान्यात काय भरायचं? कोरं सोडलं तर प्रणाली पुढच्या पानावर जाऊ देत नाही. ‘लागू नाही’ हा पर्याय यादीत होता, पण तो फक्त दूरशिक्षण केंद्रांसाठी. राहता राहिलं शून्य. शून्य भरलं, तर तिनं वसतिगृहाची क्षमता विचारली. तीही शून्य. मग तिनं आपल्या परीनं वसतिगृह किती टक्के भरलेलं आहे याचा हिशेब मांडला आणि काहीतरी बिघडल्याचं जाहीर केलं. गणिताच्या सरांना फोन लावला. ते रात्री साडेनऊलाही उत्साहात होते. शून्याला शून्यानं भागता येत नाही, हे त्यांनी सांगितलंच. वर असंही सांगितलं की इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त शून्य भागिले शून्य म्हणजे शून्यच, असं लिहून ठेवलंय. पुढच्या गणितज्ञांना ते मान्य झालं नाही. पण नसलेल्या वसतिगृहात न राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत ब्रह्मगुप्ताचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

ही मोजणी कधीकाळी फार सोपी असली पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले, ते चार : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चार नावं. त्या वर्षी कुणा भाऊसाहेबांना तक्ता भरायचा असता तर सकाळचा चहा निवायच्या आत झाला असता. स्त्रिया, तेवढा एक रकाना, निरंक. आज केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा २०२१-२२ चा अहवाल देशभरात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी सांगतो, त्यातल्या मुली २ कोटी ७ लाख, आणि विद्यार्थीसंख्येत महाराष्ट्राचा नंबर उत्तर प्रदेशाच्या खालोखाल. हे सर्वेक्षण २०१०-११ पासून चालू आहे. विद्यापीठांना पहिला नमुना, महाविद्यालयांना दुसरा, कुणाशीच संलग्न नसलेल्या संस्थांना तिसरा. आधी नमुन्याची फाइल उतरवून घ्यायची, भरायची आणि परत चढवायची, असं होतं. २०२०-२१ पासून सगळं थेट वेबवर. किती मुलं, कुठल्या प्रवर्गाची, किती दिव्यांग, ग्रंथालय आहे का, मैदान आहे का, मुलींसाठी स्वतंत्र खोली आहे का. खरं सांगतो, ४ कोटी ३३ लाख हा आकडा वर्तमानपत्रात वाचला तेव्हा मला थोडा अभिमानच वाटला. त्याच्या अगदी तळाशी, सुट्या पैशांसारखे, आमचे काही होते. भाऊसाहेबांनी बोट लावून मोजलेले.

आकडे धरायचे म्हटले की एक दिवस ठरवावा लागतो, कारण मुलं एका जागी राहत नाहीत. या सर्वेक्षणासाठी बरीच वर्षं तो दिवस ३० सप्टेंबर हा होता. लहानपणी आम्ही ‘स्टॅच्यू’ खेळायचो. कुणी तो शब्द उच्चारला की जो जसा असेल तसा थिजायचा, हातातला आंबा हातात, वर उचललेला पाय वर. ३० सप्टेंबर हा देशातल्या उच्च शिक्षणाचा स्टॅच्यू. त्या दिवशी आमच्या वर्गांची स्थिती झकास असायची. बाकं भरलेली, व्हरांड्यात चपला, सायकलींची रांग फाटकापर्यंत. कारण दसरा साधारण ऑक्टोबरात येतो, आणि आमचा तालुका बीड जिल्ह्यातला आहे.

ज्यांना आमच्याकडचा दसरा ठाऊक नाही त्यांना हे सांगायला हवं. सोनं लुटून झालं की गावं हलतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या लागतात, त्यांत भांडी, कोंबड्या, गोधड्या, म्हातारी माणसं आणि पोरं चढतात आणि लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊस तोडायला जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपून उन्हं चांगली तापेपर्यंत, उसाच्या फडाजवळच्या कोपीत राहतात. या माणसांची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यात होते. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम विचारतो, किती कोयते? पंधरा म्हटलं की तीस माणसं. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. माणसाचा अपूर्णांक इतक्या सहजपणे करणारी दुसरी मोजदाद मी पाहिलेली नाही. आमची प्रणाली तरी दशांश चिन्ह टाकू देत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग उघडतो तेव्हा समोर जे बसलेले असतात ते खरे किती आणि कागदावरचे किती, हे विचारू नये. स्टॅच्यू सुटलेला असतो.

या सगळ्याचा हिशेब भाऊसाहेबांच्या जनरल रजिस्टरात होता. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं, दोन हातांनी उचलायचं रजिस्टर. त्यात प्रवेश क्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा हे सगळं शाईत. आणि अगदी उजव्या कडेला, पुठ्ठ्याच्या दिशेनं आक्रसून बसलेला एक चिंचोळा रकाना : शेरा. तिथं भाऊसाहेब शिसपेन्सिलीनं लिहीत. “शाई म्हणजे नोंद, पेन्सिल म्हणजे बातमी,” असं त्यांचं तत्त्व होतं. मी ते रजिस्टर प्रथम नीट पाहिलं ते या कामाच्या निमित्तानं, आणि पुढचे दोन तास आकडे तसेच राहिले. ‘वडील वारले. शेती बघतो.’ ‘सैन्यात लागला. पेढे आणले.’ ‘पुण्यात कंपनीत. फोन उचलत नाही.’ ‘बहिणीच्या लग्नाचं कर्ज.’ ‘सासरी परवानगी नाही, पुस्तके परत केली.’ एका मुलाच्या नावापुढे नुसतंच ‘येतो म्हणाला’. त्याला अकरा वर्षं झाली होती. भाऊसाहेबांनी ते खोडलं नव्हतं.

सरकारी भाषेत या सर्वांना मिळून ‘गळती’ म्हणतात. हा शब्द ज्यानं योजला त्याच्या घराला पत्रे असावेत. आमच्याकडे एकदा एकाच टपालात गळतीसंबंधी दोन पत्रं आली होती, एक ग्रंथालयाच्या छपराबद्दल आणि एक विद्यार्थ्यांबद्दल. उत्तरं पाठवताना पाकिटं बदलली. विद्यार्थी गळतीबाबत आम्ही कळवलं की पत्रे बदलून सांध्यांना डांबर भरण्यात आलं असून गळती पूर्णपणे थांबली आहे. त्यावर कुणाची हरकत आली नाही. ग्रंथालयाबाबत मात्र विचारणा झाली, की पालकांच्या भेटी घेतल्यानं छप्पर कसं दुरुस्त होईल.

सुधारित प्रणालीत शेऱ्याचा रकाना नव्हता. आधीच्या आवृत्तीत निदान एक लहानशी चौकट असायची, आगपेटीएवढी, तिच्यात शंभरेक अक्षरं मावत. तिचं विश्लेषण करता येत नाही म्हणून ती काढली, असं प्रशिक्षणाच्या दिवशी एका तरुण तंत्रज्ञानं फार सौजन्यानं सांगितलं. त्याचंही खरं होतं. ‘येतो म्हणाला’चं विश्लेषण कोण करणार? त्याऐवजी आता खाली उघडणारी यादी होती. विद्यार्थ्यानं शिक्षण सोडण्याचं कारण : विवाह, आर्थिक अडचण, स्थलांतर, प्रकृती, इतर. पाचांतलं एकच निवडायचं.

काही वर्षांपूर्वीच्या, द्वितीय वर्षाच्या स्पेशल मराठीच्या एका मुलीपाशी आमचं बोट अडलं. मला ती चांगली आठवत होती. खिडकीजवळ बसायची, आणि वहीच्या समासात प्रत्येक नव्या शब्दाचा अर्थ बारीक अक्षरात लिहून घ्यायची. मे महिन्यात तिचं लग्न झालं, तरी जूनमध्ये गळ्यातलं पदराखाली झाकून ती प्रवेशाला आली. हजेरीपटावर दसऱ्यापर्यंत तिच्या नावापुढे एकही खाडा नव्हता आणि दसऱ्यानंतर एकही हजेरी. रजिस्टरात शेऱ्यापुढे भाऊसाहेबांनी लिहिलं होतं : ‘अर्धा कोयता.’

“विवाह टाकू?” मी विचारलं.

“लग्न तर आधीच झालं होतं. लग्नानं नाही सोडलं तिनं.”

“मग आर्थिक?”

“उचल नवऱ्यानं घेतली होती. पण तो एकटा गेला असता तर अर्धीच मिळाली असती.”

“स्थलांतर?”

“सहा महिन्यांचं. पट्टा पडला की येतात.” भाऊसाहेब थांबले. “तिकडं गेल्यावर बाळंतपणात आजारी पडली म्हणे. म्हणजे प्रकृतीपण.”

पाचांपैकी चार कारणं तिच्या एकटीच्या वाट्याला आली होती आणि प्रणाली एकच घेत होती. “इतर टाका सर,” भाऊसाहेब म्हणाले. “सगळे इतरच आहेत.” त्या रात्री आम्ही एकूण सदतीस इतर भरले.

यात नवीन काही नाही, असं मी स्वतःची समजूत घालतो. कारभाराची लिहिण्याची पद्धत बदलते आणि काही ना काही मागे राहतं. शिवाजी महाराजांनी कारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द रुळवण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा जुन्या वळणाच्या एखाद्या कारकुनानं बोटं मोडली असतीलच. मग मोडी गेली आणि बाळबोध आली, ही तर आपल्याकडची सर्वांत मोठी प्रणाली-सुधारणा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मी एकदा गेलो होतो. तिथं कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल फडताळांत ओळीनं बसलेत, प्रत्येकाच्या पोटात कुणाचा तरी जमाखर्च, कुणाची तक्रार, कुणाच्या घोड्याची दाणावैरण. रियासतकार सरदेसाईंनी त्यातले निवडून ४५ भाग छापले. बाकीचा पसारा अजून मोडी वाचणाऱ्याची वाट बघतो आहे. त्या दालनातला वास मला ओळखीचा वाटला होता. बाहेर आल्यावर उमगलं : भाऊसाहेबांच्या कपाटाचा वास. जुनी रजिस्टरं तेही लाल कापडात गाठ मारून ठेवत, आणि गाठ अशी की ओढली की सुटावी पण उंदराला सुटू नये.

जून महिन्यात ती खिडकीजवळ बसणारी मुलगी आली. प्रवेशाची गर्दी होती, खिडकीपाशी रेटारेटी. तिनं नाव सांगितलं तेव्हा मी आधी ओळखलं नाही; उन्हानं चेहरा बदलतो. मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी घेऊन ती कार्यालयातल्या बाकावर बसली. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए. पूर्ण करायचं होतं, त्यासाठी आमचा दाखला हवा होता. ते विद्यापीठ १९८९ साली नाशिकला निघालं ते अशाच, मध्येच उठून जावं लागलेल्या माणसांसाठी. मी मोठ्या आत्मविश्वासानं तिचं नाव नव्या प्रणालीत शोधलं. नोंद आढळली नाही. आडनाव बदलून बघितलं, वडिलांच्या नावानं बघितलं, जन्मतारखेनं बघितलं. नोंद आढळली नाही. सदतीस इतरांत ती एक होती, पण इतरांना नावं नव्हती.

भाऊसाहेब उठले. कपाटातून गठ्ठा काढला, गाठ ओढली. “त्या वर्षी दसरा उशिरा होता,” असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी पानं उलटली आणि चहावाला पोऱ्या आत येऊन बाहेर जाईपर्यंत तिचं पान काढलं. रजिस्टर टेबलावर उघडं होतं आणि ती समोर उभी राहून ते उलटं वाचत होती. मराठीच्या विद्यार्थ्याला उलटं वाचता येतं. परीक्षकाच्या हातातले गुण वाचायची ती सवय असते. शेऱ्यावर तिची नजर थांबली. भाऊसाहेबांच्या ते ध्यानात आलं आणि त्यांचा हात खोडरबराकडे गेला.

“राहू द्या भाऊसाहेब,” ती म्हणाली. “खरंच तर आहे.” मग जरा थांबून, “आज आले होते, तेवढं टाका खाली.”

त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. छोटी बाकावरून उतरून टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत उभी राहिली. ‘अर्धा कोयता’च्या खाली, त्या चिंचोळ्या रकान्यात मावेल अशा बेतानं, भाऊसाहेबांनी लिहिलं : ‘आली.’ आणि तारीख. मग शाईच्या पेनानं दाखला. वर्तणूक : चांगली. अभ्यासातील प्रगती : चांगली. महाविद्यालय सोडण्याचं कारण या ओळीशी पेन थोडं रेंगाळलं आणि मग झरझर उतरलं, ‘पुढील शिक्षणासाठी’. नियमानं ते चूक होतं की बरोबर, हे मी विचारलं नाही. नोडल ऑफिसरनं सगळंच तपासायचं नसतं.

भाऊसाहेब सप्टेंबरअखेर निवृत्त झाले. निरोप समारंभ, शाल, नारळ, फोटो. प्राचार्यांनी भाषणात त्यांच्या सेवेची वर्षं सांगितली, मी त्यांच्या अक्षराबद्दल बोललो. कपाटाची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि ती गाठ कशी मारायची ते दोनदा दाखवलं. मला अजून ती जमत नाही.

या वर्षी प्रणालीत पुन्हा सुधारणा झाल्या आहेत. रंग हिरवा आहे, तांबडी ओळ आता नारिंगी आहे, आणि शिक्षण सोडण्याच्या कारणांत दोन पर्याय वाढले आहेत. काल संध्याकाळी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा तक्ता उघडला. मुख्य लिपिक : मंजूर पदं, १. पुढचा रकाना कार्यरत पदांचा. हात सवयीनं चालला आणि मी ‘निरंक’ टंकलं. नारिंगी ओळ आली. ते पुसून शून्य भरलं. पुढे रिक्त, १. मग संगणक बंद करून त्याच्यावर कापड टाकलं.

जागा अजून भरलेली नाही. माहिती सादर करायची मुदत १५ दिवसांनी वाढवून मिळाली आहे.